सुरीला धार आहे, पण कापत नाही! घरच्या घरी पातं पातळ करणं आणि आकार देणं

तिरपी_धार

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावण्याबद्दल बरंच लिहिलं जातं, पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी फारसा मांडत नाही, म्हणून हा धागा.

८ इंची शेफ नाइफ, १.४११६ क्रमांकाचं जर्मन स्टेनलेस. पाठीची जाडी २.६ मिमी, पात्याची रुंदी ४५ मिमी. धार व्यवस्थित लागते, कागद सरसर कापला जातो. पण गाजर कापताना शेवटच्या अर्ध्या भागात काडकन फुटतं, कांद्यात सुरी अडते आणि भोपळ्यात तर रुतूनच बसते. धारेच्या लगेच वर व्हर्नियरने ०.७ मिमी जाडी भरते.

शिवाय टोक ४ मिमी तुटलंय, आणि टाचेजवळ (पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी) धारेत खळगा पडलाय. कोथिंबीर चिरली की त्या जागी न तुटता एकमेकींना लटकून राहते.

हाताशी दुहेरी कार्बोरंडम दगड (१२०/२४०; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), १००० चा पाण्याचा दगड, कानस आणि ६ इंची बेंच ग्राइंडर. फ्लॅटची गॅलरी हेच वर्कशॉप. सुरुवात कुठून करायची, किती पातळ करायचं, आणि ग्राइंडर वापरावं की नाही?

---

वर्कशॉप_नं_७

निदान तुम्हीच केलंय. धार आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातं पाठीकडून धारेकडे निमुळतं होत जातं. दर वेळी धार लावताना खालचा थोडा धातू जातो आणि धार वरच्या, जाड भागात सरकते. काही वर्षांनी कड तीक्ष्ण असते, पण तिच्या मागे पाचर उभी राहिलेली असते. कागदाला जाडीच नसल्यामुळे कागदाच्या परीक्षेत हे कळत नाही, गाजरात लगेच कळतं.

या पोलादाची कठीणता साधारण ५५ ते ५७ रॉकवेल (धातूचा कडकपणा मोजायचं माप). त्याला धारेच्या वर ०.३५ ते ०.४ मिमी ठेवा. ०.२ च्या खाली गेलात तर हे मऊ पोलाद हाडावर, नारळाच्या करवंटीवर किंवा गोठलेल्या पदार्थावर वळेल. ६० च्या पुढची कठीणता असलेल्या जपानी सुऱ्या ०.२ ते ०.२५ पेलतात, पण त्या वळण्याऐवजी तुटतात.

क्रम असा ठेवा: आधी टोक, मग धारेची रेषा, मग पातळ करणं आणि सगळ्यात शेवटी धार. बरेच लोक आधी पातळ करून बसतात आणि नंतर खळगा काढायला धार १ मिमी वर नेतात, म्हणजे पुन्हा जाड भागात. केलेली मेहनत फुकट.

---

खटाटोपी

टोकाबद्दल एक महत्त्वाचं. तुटलेलं टोक धारेकडून घासून वर न्यायचं नाही. तसं केलं तर टोक पाटावर टेकतच नाही, हवेत राहतं. पाठीकडून घासत खाली आणायचं. मार्करने पाठीवरून नव्या टोकापर्यंत हलकी कमान काढा आणि तेवढाच धातू काढा. धारेला हात लावायची गरज नाही, लांबी ४ मिमीने कमी होईल एवढंच.

पाठ जाड असल्यामुळे इथे बेंच ग्राइंडर चालेल. मात्र टोकापाशी शेवटचे २ मिमी हाताने, दगडावर. टोकाला धातू इतका कमी असतो की उष्णता जायला जागाच नसते.

---

आंबटचुका

कोथिंबिरीची माळ 😄 आमच्याकडे तिला तोरण म्हणतात. सणासुदीला उपयोगी.

---

वर्कशॉप_नं_७

@आंबटचुका, तोरण बंद करण्याचाच उपाय आता लिहितो 🙂

जाड काचेचा तुकडा किंवा ओट्याचा ग्रॅनाइट घ्या. त्यावर सुरी धारेवर उभी धरा, मागून टॉर्च मारा आणि सावकाश टाचेपासून टोकापर्यंत झुलवा. जिथून उजेड झिरपतो तिथे खळगा आहे. जर्मन घाटाच्या सुरीत मूठ आणि पातं यांच्यामधला जाड ठोकळा थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. तो दगडाला टेकतो आणि त्याच्या पुढची १५-२० मिमी धार जास्त झिजते. तुमचा खळगा बहुधा हाच. तसं असेल तर सगळी धार वर न्यायची गरज नाही. ठोकळ्याचं खालचं टोक २-३ मिमी घासून वर घ्या आणि टाचेचा कोपरा थोडा उतरवा, खळगा निम्म्याहून जास्त नाहीसा होतो.

उरलेल्यासाठी सुरी १२० च्या दगडावर अगदी काटकोनात, धार खाली करून, लांबीच्या दिशेने ओढा. हो, धार मुद्दाम मारायची. रेषा सलग होते, खांडी असतील तर जातात, आणि पुढचं सगळं घासकाम बोथट पात्यावर होतं, त्यामुळे बोटं सुरक्षित राहतात. वरून पाहिलं की धारेच्या जागी सलग चमकती रेघ दिसली पाहिजे. रेघ तुटली असेल तर तिथे अजून खोलगट आहे.

---

गणिती_मावशी

व्हर्नियर नसलेल्यांसाठी सोपा हिशोब. धारेचा चमकता पट्टा किती रुंद आहे ते पाहा. दोन्ही बाजूंना २० अंशांनी धार लावली असेल तर जाडी = पट्ट्याची रुंदी × ०.६८. म्हणजे ०.७ मिमी जाडीला पट्टा जवळपास १ मिमी दिसतो आणि ०.३५ ला अर्धा मिमी. पट्टा वर्षागणिक रुंद होत चाललाय हे डोळ्यांना दिसतं, मोजायची गरजसुद्धा नाही.

आता पातळ करताना पाठ किती उचलायची? तिरपी_धार यांच्या सुरीत एका बाजूने सुमारे ०.१८ मिमी काढायचे आहेत. पात्याची बाजू सपाट धरली तर:

पाठ दगडापासून १ मिमी उचलली: घासलेला पट्टा सुमारे ८ मिमी रुंद होईल.
२ मिमी उचलली: सुमारे ४ मिमी.

दुसऱ्या पर्यायात धातू निम्माच काढावा लागतो, म्हणून वेळही निम्मा. पण ४ मिमीवर खांदा (घासलेला पट्टा संपतो तिथली कड) तयार होतो आणि गाजर त्या खांद्यावर अडतं. मी १ मिमीच्या बाजूने आहे.

---

निसणा

मावशींना अनुमोदन. पण १ मिमी हाताने सारखं राखणं जमत नाही. पाठीवर इन्सुलेशन टेपचे थर चिकटवा. साधा पीव्हीसी टेप ०.१२ ते ०.१५ मिमी जाडीचा येतो, सात-आठ थरांत काम होतं. पाठ टेकवूनच घासायचं. टेप झिजतो, म्हणून मधूनमधून पाहून बदला.

धारेला मार्कर फासायला विसरू नका. दहा-बारा फेऱ्यांनंतर शाई कुठे उडाली ते पाहा. वरच्या कडेलाच उडाली तर पाठ आणखी उचला. धारेलाच उडाली तर जास्त उचललीय, खाली घ्या.

---

स्पार्क_प्लग

एवढा वेळ कोण घालवणार? ४ इंची अँगल ग्राइंडरला ८० ची फ्लॅप डिस्क लावा, पाच मिनिटांत काम खलास.

---

वर्कशॉप_नं_७

काम नाही, सुरी खलास होईल. ४ इंची अँगल ग्राइंडर ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटर. बेंच ग्राइंडरचा ६ इंची दगड २,८५० फेऱ्यांना सेकंदाला २२ मीटर देतो. अर्धा मिमी धातूवर एवढं घर्षण झालं की पाण्यात बुडवायला उशीर झालेलाच असतो. शिवाय पात्याची कड डिस्कमध्ये अडकली तर सुरी हातातून उडते. पात्यासाठी ते हत्यारच नाही. कुऱ्हाडीची पाठ किंवा फावड्याची कड, तिथे वापरा.

---

स्पार्क_प्लग

तापून निळं झालं तर लगेच पाण्यात टाकलं की परत कडक होतं ना? लोहार तसंच करतात.

---

लोहभस्म

नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. लोहार कोयता लालबुंद करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. साध्या कार्बन पोलादाला त्यासाठी ८०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि १.४११६ सारख्या स्टेनलेसला १,००० च्या वर. ३०० अंशांवरून पाण्यात टाकल्याने काहीही कडक होत नाही, फक्त थंड होतं. गेलेली कठीणता गेलीच.

कार्बन पोलादावर रंग ढोबळमानाने असे येतात: २१०-२२० ला फिकट पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. स्टेनलेस फसवं असतं. क्रोमियममुळे हेच रंग आणखी जास्त तापमानाला उमटतात. म्हणजे स्टेनलेसवर पिवळा दिसला तोवर नुकसान झालेलं असतं, कारण कारखान्यात या सुऱ्यांचं पाणी दीड-दोनशे अंशांवरच उतरवलेलं (कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेला) असतं.

निळा डाग पडलाच तर तो भाग थंडपणे, हाताने, पूर्ण घासून काढणं एवढाच उपाय. डाग पॉलिश करून दिसेनासा केला तरी आतलं पोलाद मऊच राहतं आणि तिथली धार चार दिवसांत मरते.

---

खटाटोपी

बेंच ग्राइंडर वापरणाऱ्यांनी:

हातमोजे घालू नका. फिरणाऱ्या दगडात मोजा ओढला जातो. शिवाय उघड्या बोटाला उष्णता कळते, तोच तुमचा थर्मामीटर. बोट धारेजवळ ठेवा, चटका जाणवला की पाण्यात. दर एक-दोन फेऱ्यांनी बुडवलंच पाहिजे, पाण्याची बादली पायाशी ठेवा.

नवा दगड बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं टकटक करा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. टेकू आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. सुरू केल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहा, दगडाच्या रेषेत नाही. चष्मा आणि मास्क सक्तीचा. त्या दगडावर ॲल्युमिनियम कधीही घासू नका, दगड बुजतो, तापतो आणि फुटू शकतो.

माझ्या मते या कामात ग्राइंडरचं स्थान फक्त टोक आणि तो ठोकळा. पातळ करायचं ते हाताने.

---

कोकणी_माड

सुरीचं झालं, आता विळीचं काय? आमच्याकडे मासे, नारळ, फणस सगळं आडाळ्यावर, म्हणजे विळीवर. तिचं पातं काढून दगडावर नेता येत नाही आणि ते वाकडं.

---

निसणा

विळीत पातं स्थिर ठेवायचं आणि दगड फिरवायचा. पाट भिंतीला टेकवून पायाने दाबून धरा. छोटा, हातात मावेल असा दगड घ्या. पात्याची पोटाकडची कमान आतल्या बाजूला वळलेली असेल तर सपाट दगड फक्त दोन टोकांना घासतो आणि मधे बोथट राहतं. तिथे अर्धगोल दगड, किंवा पाइपच्या तुकड्याला १२० आणि मग ३२० चा वॉटर पेपर गुंडाळून वापरा.

लोखंडी विळी बहुधा मऊ असते, तिला बारीक दात्यांची कानस लागते. कानस पाठीकडून धारेकडे नव्हे, तर धारेवरून पाठीकडे गेली की बर (घासताना कडेला वळून राहणारा धातूचा बारीक पापुद्रा) कमी येते. पण त्यात हात धारेसमोर येतो, म्हणून कानशीला मूठ हवीच आणि बोटं टोकाच्या पुढे नकोत.

खवणीच्या दात्यांना तिकोनी कानस, प्रत्येक खाचेत सारख्याच फेऱ्या. दाते फक्त एका बाजूने, वरून तासायचे. दोन्हीकडून तासले तर खोबरं किसण्याऐवजी मोठे तुकडे निघतात.

---

ऊसपट्टा

कोयत्याला हे पातळ करण्याचं शास्त्र लावू नका, एवढंच सांगायला आलो. गाडीच्या कमानपाट्यापासून बनवलेला कोयता झटक्याने मारायचा असतो. त्याला ०.४ मिमी ठेवलं तर पहिल्याच गाठीवर खांड पडेल. धारेमागे १ मिमी आणि एका बाजूला २५ अंश, तेही सपाट नाही, किंचित फुगीर. फुगीरपणा आला की पातं लाकडात रुतत नाही, सुटतं.

कानस चालवताना व्हाइसमध्ये धरा आणि फक्त पुढे ढकलताना दाब द्या, मागे घेताना उचला. ओढताना दाबली तर कानशीचे दाते मरतात. दात्यांत भुगा अडकू नये म्हणून आधी खडू फासा. कानस नुसती घसरून चकाकायला लागली तर पोलाद तिच्याइतकंच कडक आहे. मग जोर न लावता दगडाकडे वळा.

---

स्पार्क_प्लग

@ऊसपट्टा, जुन्या कोयत्याला दोन्हीकडून धार काढून खंजीर करता येईल का? भिंतीवर लावायला.

---

लोहभस्म

कृपया नको. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांना जी सूट आहे ती घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी घडवलेल्या पात्यांना. कोयता आहे तोवर शेतीचं अवजार. खंजीर केल्यावर तो त्या सुटीत बसत नाही. भिंतीवर कोयताच लावा, छान दिसतो.

---

टोक्योतला_तुका

जपानी सुरीवाल्यांसाठी दोन सूचना. एका बाजूनेच धार असलेल्या (यानागिबा, देबा) सुरीची मागची बाजू मुद्दाम किंचित खोलगट असते. ती दगडावर पूर्ण टेकवून अगदी थोडी घासायची, तीही बर काढण्यापुरती. तिथे पातळ करायला गेलात तर खोलगटपणा संपतो आणि सुरी कायमची बिघडते. पातळ करायचं ते पुढच्या बाजूने.

दुसरं, थरांची नक्षी असलेल्या दमास्कस पात्यावर घासलं की नक्षी पुसट होते. ती मेलेली नसते. पातं ६०० पर्यंत पॉलिश करून, साबणाने तेलकटपणा काढून, फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात काही मिनिटं धरलं की परत उठते. सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हातमोजे घाला, हवेशीर जागा ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा म्हणजे आम्ल मरतं. ओट्यावर सांडू नका, डाग जात नाही.

---

आंबटचुका

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून पातळ करून घेता येईल का? सायकलवाला येतो आमच्याकडे.

---

खटाटोपी

त्याच्या दगडाचा वेग पायाच्या जोरावर असतो, त्यामुळे तो सहसा पातं जाळत नाही. पण तो धार लावतो, पातळ करत नाही. कोरड्या, खरबरीत दगडावर ठळक कोन काढून देतो, त्यात धातू भरपूर जातो आणि सुरी लवकर जाड भागात पोचते. कात्री आणि विळीला तो उत्तम. पातळ करून हवं असेल तर त्याला थांबवून नेमकं सांगा: "धार नको, बाजूने घासून द्या." अनुभवी माणसाला कळतं.

---

तिरपी_धार

सगळ्यांचे आभार. टोक पाठीकडून झालं, ठोकळा घासला, खळगा गेला. टेपचे आठ थर लावून १२० वर दोन्ही बाजू घासल्या. व्हर्नियर आता ०.३८ दाखवतो. दोन अडचणी उरल्यात. गाजर अजून थोडं फुटतं, आणि सुरी कापताना डावीकडे ओढते. बटाट्याच्या चकत्या तर आधीपेक्षा जास्त चिकटतात!

---

गणिती_मावशी

डावीकडे ओढते म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झालेल्या नाहीत. पट्ट्यांची रुंदी मोजा, एक ६ आणि दुसरा ९ असणार. अरुंद पट्ट्याच्या बाजूला अजून घासा. फेऱ्या मोजून दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत, कारण उजव्या आणि डाव्या हाताचा दाब वेगळा असतो. पट्टा मोजायचा.

---

वर्कशॉप_नं_७

गाजराचं कारण बहुधा खांदा, म्हणजे घासलेला पट्टा संपून मूळ बाजू सुरू होते ती कड. तिच्यावरून नख फिरवा, अडकलं तर ती मोडा. टेप काढा, सुरी जवळपास सपाट ठेवून २४० वर त्या कडेवरच दाब देत घासा. मग ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर बुचाच्या तुकड्याला लावून लांबीच्या दिशेने. १२० चे आडवे ओरखडेसुद्धा गाजराला पकडतात, ते गेले की फरक जाणवेल.

बटाट्याचं मात्र उलटं आहे. पूर्ण सपाट आणि गुळगुळीत बाजूला ओली चकती हवा न जाता चिकटते. म्हणून खांदा मोडताना उजव्या बाजूला (तुम्ही उजव्या हाताचे असाल तर) अगदी सपाट करू नका, किंचित फुगीर राहू द्या. चकती एका रेषेवरच टेकते आणि सुटते.

मग १००० च्या दगडावर १८ ते २० अंशांनी धार. ४५ मिमी रुंद पात्यात २० अंशांना पाठ १५ मिमी उचलली जाते, १५ अंशांना साडेअकरा. बर दोन्ही बाजूंना जाणवेपर्यंत घासा, नंतर दाब कमी करत जा. शेवटच्या पाच-सहा फेऱ्या फक्त सुरीच्या वजनाने. जीन्सच्या कापडावर हिरवं क्रोमियम ऑक्साइड फासून, धार मागे ठेवून ओढा.

---

निसणा

एवढ्या घासकामाने तुमचा दगड मधे खोलगट झाला असणार. १००० वर जाण्याआधी दोन्ही दगड सपाट करा, नाहीतर धार कमानदार येईल. दगडावर पेन्सिलने चौकटी काढा, जाड काचेवर १२० चा वॉटर पेपर ठेवून पाणी घालून घासा. सगळ्या रेषा एकाच वेळी पुसल्या गेल्या की दगड सपाट. मधल्या रेषा शेवटपर्यंत राहिल्या तर अजून खोलगट आहे.

---

कोकणी_माड

आणि ती दगडाची काळी राड? सिंकमध्ये ओतली तर चालते?

---

निसणा

नको. धातू आणि दगडाची पूड पाइपच्या वळणात बसून घट्ट होते. डब्यात रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडाला नको, बाथरूमच्या जाळीत ओता आणि तळाचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात. लोखंडी पातं असेल तर काम संपताच धुऊन, पुसून, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल नको, ते चिकट थर धरतं. नुकत्याच घासलेल्या पात्यावर पावसाळ्यात तासाभरात गंज दिसतो.

---

तिरपी_धार

पट्टे ६ आणि ९ च निघाले, मावशी! अरुंद बाजू घासून ८.५ पर्यंत आणली, खांदा मोडला. गाजर न फुटता सरळ खाली उतरतं. बटाट्यासाठी उजवी बाजू अजून थोडी फुगीर करतोय.